बाक थोआ एक डाव आधी लावायची

बाक थोआ आमच्या रस्त्याच्या टोकाला, बोटींच्या धक्क्याजवळ राहायची. आम्हा व्हिएतनामी लोकांत आईपेक्षा वयाने मोठ्या बाईला बाक म्हणतात. पण अमेरिकेतल्या बिलॉक्सी गावाच्या या टोकावर तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा तिला बाकच म्हणायची. माझी मुलगी त्राम लहान असताना, मी कॉलेजच्या वर्गांना जायचे तेव्हा, ती बाककडेच असायची. बाकच्या अंगणात जाळ्यांच्या ढिगावर चटई टाकून ती झोपायची, आणि घरी आणली की दोन दिवस तिच्या केसांना मासळीचा वास यायचा.

तरुणपणी बाक नवऱ्याबरोबर कोळंबीच्या बोटीवर होती. नंतर कारखान्यात कोळंबीची डोकी मोडायचं काम तिने वर्षानुवर्षं केलं. नवरा गेल्यावर ती अंगणात बसून लोकांची जाळी विणून द्यायला लागली. तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती, ती म्हणजे वेळेआधी निघणं. मोठं वादळ आलं त्या वर्षी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून काय सांगतायत ते बघत होतो, तेव्हा ही तांदळाचं पोतं गाडीत टाकून केव्हाच शेजारच्या राज्यातल्या मोबाईल नावाच्या शहरात पोचली होती. लोक हसले. चार दिवसांनी हसणारे सगळे तिने भाड्याने घेतलेल्या खोलीत, तिच्याच चटयांवर झोपले होते. बोटसुद्धा तिने अशीच विकली, डिझेल महागायच्या आधी, घेणारे होते तेव्हाच.

मंगळवारी सकाळी ती कसिनोत जायची. तिथे म्हाताऱ्यांसाठी ब्लॅकजॅकची फुकट स्पर्धा असते, पत्ते वाटणाऱ्यापेक्षा आपली बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही, तो खेळ. सुरुवातीला ती फक्त जेवणाच्या कुपनासाठी जायची. मग खेळाचीच गोडी लागली. शेजारणी म्हणायच्या, "बाक, देवळात जा की मंगळवारी." ती म्हणायची, "देवळात मला कोण बाद करणार?"

मागच्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात पडली. चिंचेच्या रशात मासे टाकत होती, पाय घसरला. मी संध्याकाळी डबा परत द्यायला गेले तेव्हा ती जमिनीवर होती आणि शेगडीवरचं भांडं करपून काळं झालं होतं. हाड मोडलं नव्हतं. त्यानंतर मला मात्र झोप लागेना. कामावर असताना मध्येच उठून फोन करायचे. तिने उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावायचे, आणि उचलला तर ती ओरडायची, "जिवंत आहे ग! तुझ्या फोनमुळे सुई निसटली हातातून."

तिचा मुलगा खिएम ह्यूस्टनहून गाडी घेऊन आला. तिला न्यायलाच आला होता.

"मा, पुरे झालं आता. बॅग भर."

"कशाला? तुझ्या घरी आहे काय? नळाला थंड पाणीसुद्धा येत नाही, सगळं कोमट."

"तू पडलीस, मा. अर्धा दिवस जमिनीवर पडून होतीस."

"मग काय झालं? तेवढीच झोप झाली माझी."

खिएमने माझ्याकडे पाहिलं. मला तिने जावं असंही वाटत होतं आणि राहावं असंही.

बाकने जाळं बाजूला ठेवलं. "शनिवारी कसिनोत मोठी स्पर्धा आहे. मी शेवटच्या टेबलापर्यंत पोचले तर वर्षभर तू ह्यूस्टनचं नाव काढायचं नाहीस. नाही पोचले तर तुझ्याच गाडीत बसून येते. खोली तू देशील ती."

"कुठं राहायचं ते तू पत्त्यांवर ठरवणार?"

"तू कशावर ठरवलंस? बायकोला विचारून. त्यापेक्षा पत्ते बरे."

खिएम चिडला, मग हसला, मग हो म्हणाला. मला वाटतं, ती हरेल अशी त्याची खात्री होती.

त्या आठवड्यात तिने आम्हा दोघांना अंगणात बसवून खेळ समजावला. जाळ्याचे बुचासारखे तरंगते गोळे चिप्स म्हणून, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या सोंगट्या म्हणून मांडले. टेबलावर सहा जण. प्रत्येकाला सारख्याच चिप्स. आठवा, सोळावा आणि चोविसावा डाव झाला की मोजदाद होते, आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी तो उठतो. असे तीन गेले की उरलेले तीन शेवटच्या टेबलावर.

"म्हणजे जिंकायला पाहिजे," खिएम म्हणाला.

"कोण म्हणालं? शेवटचं नसलं की झालं. आता बघ. बाद करणाऱ्या डावाला सगळेच घाबरतात आणि जोरात लावतात. तेव्हा मी लावलं तर गर्दीतलीच एक. मी त्याच्या आधीच्या डावाला लावते. तेव्हा बाकीचे चिप्स कवटाळून बसलेले असतात. जिंकले तर सगळ्यांना माझ्या मागे धावावं लागतं. हरले तर अजून एक डाव हातात असतो."

"आणि तोही हरलात तर?" मी विचारलं.

"मग घरी येऊन भात लावते."

शनिवारी आम्ही दोघं प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे होतो. पत्ते वाटायला रोंडा होती, बाकला मंगळवारच्या स्पर्धांमुळे ओळखणारी. बाकच्या उजव्या हाताला जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले लॅडनर होते, लाल पट्ट्यांची पँट घातलेले. पहिल्या दोन मोजदादींत दोन जण उठले. चार उरले. बाविसाव्या डावानंतर रोंडाने प्रत्येकाच्या चिप्स मोठ्याने मोजल्या. लॅडनर बहात्तरशे. केस कापायचं दुकान असलेली एक बाई बासष्टशे. बाक एकेचाळीसशे. टोपीवाला एक माणूस एकोणचाळीसशे.

म्हणजे बाक आणि तो टोपीवाला यांच्यातलाच कोणीतरी जाणार होता. खिएमने मोबाईल खिशात ठेवला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

टेबलावर एक पिवळी चकती फिरत असते. ती ज्याच्यापुढे, त्याने सगळ्यांआधी चिप्स लावायच्या. बाकीच्यांना त्याचं बघून ठरवता येतं. तेविसाव्या डावाला ती लॅडनरांपुढे होती. चोविसाव्याला बाकपुढे येणार होती.

लॅडनरांनी शंभर लावले, सगळ्यात कमी चालतात तेवढे. बाकने दोन हजार पुढे सरकवले.

"मिस थोआ," लॅडनर म्हणाले, "तुमचं घड्याळ पुढे आहे. बाद व्हायचा डाव पुढचा आहे."

"माहीत आहे. तुम्ही तोपर्यंत चष्मा पुसून घ्या."

"चिप्स तुमच्या. पण मला वाईट वाटेल हो, तुमच्याशिवाय मंगळवारी मी कोणाला चिडवू?"

"आरसा आहे ना घरी?"

रोंडाने हसू दाबलं. टोपीवाल्याने आणि केस कापणाऱ्या बाईनेही शंभर शंभरच लावले. पत्ते पडले. रोंडाची बेरीज एकवीसच्या पुढे गेली आणि सगळेच जिंकले. बाकीच्यांचे शंभर वाढले. बाकचे एकसष्टशे झाले. टोपीवाल्याकडे चार हजार होते. त्याने टोपी मागे सारून कपाळ पुसलं.

मग चकती बाकपुढे आली. तिने टोपीवाल्याच्या चिप्सकडे पाहिलं. तो सगळे लावणार हे मलासुद्धा कळत होतं. त्याचे दुप्पट झाले तर आठ हजार. बाकने पुन्हा दोन हजार लावले. तीही जिंकली तर एक्याऐंशीशे, त्याच्याहून शंभरने वर. टोपीवाल्याने सगळे चार हजार ढकलले. बाकीच्या दोघांनी शंभर लावले आणि हाताची घडी घातली.

बाकचे एकोणीस झाले. टोपीवाल्याचे वीस. खिएमने माझं कोपर पकडलं. रोंडाने तिचा झाकलेला पत्ता उलटला. सोळा. आणखी एक ओढला. पंजा. एकवीस.

टेबलावरचे सगळेच हरले. टोपीवाल्यापुढे काहीच उरलं नाही. बाककडे एकेचाळीसशे होते, दोन डावांपूर्वी होते तेवढेच.

"मा, तू तर हरलीस!" खिएम दोरीवरून ओरडला.

"हरले. पण मी शेवटची नाही," बाक म्हणाली, आणि उठून टोपीवाल्याशी हात मिळवला.

शेवटच्या टेबलावर ती पहिल्याच मोजदादीत बाद झाली. तिला जेवणाची तीन कुपनं मिळाली आणि आम्ही तिघांनी तिथेच खेकडे खाल्ले. खिएमने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, स्वयंपाकघरात न घसरणारी चटई टाकली, आणि एकटाच परत गेला. मी फोन करत राहिले. ती ओरडत राहिली.

मे महिन्यात बोटींना आशीर्वाद द्यायचा सण झाला. त्यानंतर एका सकाळी तिने मला बोलावलं. अंगणात एकही जाळं नव्हतं. ओट्यावर खोकी बांधून ठेवली होती.

"बाक, परत पडलात का?" मी घाबरून विचारलं.

"नाही. म्हणून तर जाते आहे."

"पण तुम्ही जिंकला होतात ना? वर्षभर तो नाव काढणार नव्हता."

"तो कुठं काढतोय? मी काढलं." तिने खोक्याची सुतळी दाताने तोडली. "चकती माझ्यापुढे येतेच आहे, पोरी. सकाळी उठताना भिंत धरावी लागते. आणखी एकदा पडले की खिएम मला उचलून नेईल, आणि उचललेल्या बाईला कोणी विचारत नाही. आत्ता माझ्या हातात चिप्स आहेत. त्याला सांगितलंय, तुझ्या घरात नाही राहणार. मासळी बाजाराच्या बाजूला खोली बघ, तळमजल्यावर, शेगडी माझी. लगेच हो म्हणाला. हिवाळ्यात म्हणाला असता का?"

मी रडायला लागले. तिने मला एक खोकं दिलं. "रडायचंय तर हे उचलत रड. जड आहे."

आत तिच्या जाळ्याच्या सुया होत्या, आणि वर त्रामची लहानपणची चटई. चटई तिने काढून मला दिली. त्रामला ऑगस्टमध्ये दूरच्या कॉलेजात जायचं आहे आणि मी अजून हो म्हटलेलं नाही, हे तिला माहीत होतं.

लॅडनर मंगळवारी तिच्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाहीत असं रोंडा सांगते. ह्यूस्टनला कसिनो नाहीत, ते दोन तासांवर, लुईझियानाच्या हद्दीत आहेत. मागच्या आठवड्यात फोनवर मी बाकला म्हटलं, "इतक्या लांब कशाला जाता? थकाल."

"लांबच बरं," ती म्हणाली. "खिएम गाडी चालवतो. गाडी चालवताना त्याला फोन बघता येत नाही, मग माझ्याशी बोलतो. जाताना दोन तास, येताना दोन तास. आणि तू ग, मला इतक्या वेळा फोन नको करूस. पोरीला हो म्हणालीस का?"

मी म्हटलं, अजून ऑगस्ट लांब आहे.

"तेच म्हणते मी," बाक म्हणाली.