दाराजवळची जागा

तो राहायचा आमच्या खालच्या मजल्यावर, पण भेटायचा भांडुपच्या इस्पितळात, कॅज्युअल्टीच्या दारालगतच्या बाकावर. इथे भरती असलेल्या मेव्हण्याचा डबा घेऊन आला असताना तो याच दारात कोसळला होता. हृदय थांबलं होतं. डॉक्टर समोरच होते. त्यांनी छाती दाबली, शॉक दिले आणि त्याला परत आणलं.

बरा झाला, पण घरात त्याचा जीव रमेना. तो कामाला होता ती गिरणी बंदच होती. सकाळचा चहा झाला की इथे येऊन बसायचा. एक गुडघा सतत हलत असायचा आणि दोन बोटं मनगटावर. बोलता बोलता मध्येच थांबायचा, नाडी सापडली की पुढे बोलायचा.

"घरी सोडलंय ना रे तुला?" मी एकदा चिडून विचारलं.

"आमच्या खात्यातला एकजण साकीनाक्याला पडला," तो म्हणाला. "माझ्याहून तगडा गडी. टॅक्सी मिळेपर्यंत खेळ खलास. तो लांब पडला, मी जवळ पडलो. एवढाच फरक, यार."

मला त्याची कीव यायची आणि रागही. बाकाचं दाराकडचं टोक तो कुणालाच देत नसे. म्हातारी बाई आली तरी पलीकडे बोट दाखवायचा.

एका दुपारी वहिनींनी दिलेला त्याचा डबा घेऊन मी उन्हातून गेलो. धाप लागली होती, घाम थांबत नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा गुडघा हलायचा थांबला. स्वतःचं मनगट सोडून त्याने माझं धरलं आणि उठून उभा राहिला.

"आज तू बस इथे," तो म्हणाला.