धुऊन येणारा डबा

ओमचा डबा धुऊन येऊ लागला, तेव्हापासून रेश्माच्या जिवाला घोर लागला.

कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक हसले असते. मिरजगावातून सकाळच्या एसटीनं नगरला डबे जातात आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामे परत येतात. शिकायला गेलेल्या पोरांचे डबे. परत येतात तेव्हा झाकण उघडवत नाही. कडेला रस्सा वाळलेला, तळाशी चटणीत लोळलेला भाकरीचा तुकडा. ओमचा निळ्या दोरीचा तीन पुडांचा डबाही तसाच यायचा. घासता घासता ती त्याच्या नावानं पुटपुटायची, पण त्या उष्ट्यावरूनच तिला पोराची खुशाली कळायची. नुसतं वांगं टाकलं असेल तर तब्येत बरी आहे. सगळंच टाकलं असेल तर पेपर अवघड गेला.

संक्रांतीनंतर डबा लख्ख येऊ लागला. राखेनं घासलेला. खोली घेऊन राहणाऱ्या पोराला नगरात राख कुठून मिळते?

"डबा धुतला नाही तरी कुरकुर, धुतला तरी कुरकुर," नवरा म्हणाला. हायवेवर त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि जगातली बहुतेक दुखणी स्क्रू आवळला की थांबतात अशी त्याची समजूत होती. "पोरगं शहाणं झालं म्हण आणि गप झोप."

एसटीचे ड्रायव्हर कानिफनाथ तर तिला लांबूनच ओळखायचे. "आना वहिनी, इंजिनिअर सायबांचा डबा आना. मोठे झाल्यावर आमच्या खड्ड्यांकडं बघा म्हनावं!"

'इंजिनिअर' हे रेश्माचंच. ओमला नगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी पेढे वाटताना ती ते म्हणून गेली आणि गावानं ते उचललं. ती स्वतः बी.ए. झालेली. आपलं शिक्षण चुलीपुढंच राहिलं याची रुखरुख तिनं पोराच्या शिक्षणानं शमवली होती.

शेवटी तिनं एक केलं. ओमला शेपूचा वासही चालत नाही, लहानपणी त्यापायी त्यानं ताट उधळलं होतं. तिनं डब्यात शेपू भरला. संध्याकाळी डबा आला, रिकामा आणि लख्ख. रात्री नेहमीच्या वेळेला त्याचा फोन आला.

"जेवलास का?"

"जेवलो."

"भाजी कशी होती?"

"मस्त होती, आई."

दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायचं निमित्त सांगून ती डब्यासोबत स्वतःच गाडीत चढली.

माळीवाडा स्टँडवर कानिफनाथांनी डबे नेहमीसारखे कँटीनच्या ओट्यावर मांडले. रेश्मा उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहिली. पोरं येत होती, मोबाईलमधून डोकं न काढता आपापला डबा उचलत होती. निळ्या दोरीचा तेवढा उरला. मग एक वाळकी म्हातारी आली, तिनं सवयीनं डबा उचलला आणि काखेत मारला. तिच्या अंगात ओमचा राखाडी स्वेटर होता. कोपरावरचा टाका रेश्मानं घातलेला.

तिथंच हात धरायला हवा होता. पण रेश्मा नुसती मागे चालत राहिली.

म्हातारी घाईत नव्हती. विशाल गणपतीसमोर तिनं चपला काढून हात जोडले. फुलवाला ओरडला, "साळूबाई, आज काय बेत?"

"अजून उघडला न्हाई रं. वासावरनं मेथी वाटती."

पुढं कापडबाजार. दुकानांच्या दारातल्या पुतळ्यांच्या साड्यांना हात लावून बघत, कुणी हाकललं की हसत, ती गर्दीतून निघाली. घराकडं निघालेलं माणूस असं चालत नाही. जिला कुठंच पोचायचं नाही अशा बाईची चाल होती ती. दिल्लीगेटजवळच्या एका गल्लीत इस्त्रीचं खोपट होतं. तिथं ती टेकली.

"आज उशीर?" इस्त्रीवाले अल्लाबक्ष म्हणाले. "एसटी पंक्चर झाली होती का तू?"

"मीच रं. गुडघ्यातली हवा गेली."

दोघं हसली. साळूबाईनं भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढं केली. तेव्हा रेश्मा समोर जाऊन उभी राहिली.

"हा डबा माझ्या मुलाचा आहे."

साळूबाईचा हात थांबला. तिनं रेश्माला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तू व्हय," ती म्हणाली. "लई उशीर केलास गं."

मग तिनं सांगितलं ते असं. कॉलेज ओमनं केव्हाच सोडलं होतं. विषय सुटेनात, आणि एके दिवशी तो जायचाच थांबला. स्टँडवर डबा घ्यायचा आणि दिवसभर नगर पालथं घालायचा. "मीबी फिरते. सकाळी माळीवाड्यात दिसायचा, दुपारी हितं, पार तारकपूरलाबी. फिरनारी मानसं एकमेकाला वळखत्यात. मग दोगं मिळून जेवायला लागलो."

"आता कुठे आहे तो?"

"गेला. संक्रांतीला. म्हनला, मावशे, डबा येत ऱ्हाईल, तू खात जा. भरलेला माघारी गेला तर आईला कळंल. सोटर दिला अन् गेला."

"कुठे गेला?"

"म्या इचारलं न्हाई."

"विचारायचं नाही का तुम्ही!" रेश्मा ओरडलीच.

साळूबाई भाकरी खाली ठेवून आपलं सांगू लागली. राहुरीकडची ती. नवऱ्याला सिव्हिल हॉस्पिटलात आणलं, तो तिथंच गेला. पोरगा मयत न्यायला टेम्पो घेऊन आला. "म्हनला, आय, जागा न्हाई, तुला उद्या न्यायला येतो. राहुरीच्या गाड्या काय कमी हायत का? मला काय वाट म्हाईत न्हाई? पर त्यो न्यायला येतो म्हनला हुता. मी उठून गेले अन् त्यो हितं आला तर?" तिनं अल्लाबक्षांकडं हात केला. "ह्या चाचाच्या फोनवरनं इचारलं, कवा येतूस रं? एकदा बोलला. फिरून इचारलं, तवापासनं फोनच लागना. म्हनून सांगते बाई, इचारू नको. तुझा फोनवर बोलत आसंल तर बोलू दे."

जेवण झाल्यावर तिनं इस्त्रीतली गार राख घेतली आणि नळावर डबा घासायला बसली.

"मी हिला सांगितलं होतं," अल्लाबक्ष हळूच म्हणाले. "पोरं डबे धूत नसतात."

"दुसऱ्याच्या घरचं भांडं उष्टं धाडायचं?" साळूबाई फणकारली. "आमच्यात न्हाई तसली रीत."

तिथून रेश्मा ओमच्या खोलीवर गेली, तर तिथं दुसरीच पोरं राहत होती. ओम नावाचं कुणी त्यांना माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत कानिफनाथांनी आरशातून विचारलं, "भेटले का इंजिनिअर सायब?"

"भेटला," रेश्मा म्हणाली. "वाळलाय जरा."

रात्री फोन आला. जेवलास का? जेवलो. त्याच्या मागे कसलीशी घरघर होती. इतके दिवस ती तिला रस्त्यावरच्या गाड्यांची वाटत होती. आता ते यंत्र वाटलं, मग पाणी, मग काहीच कळेना. तिनं विचारलं नाही.

आणि तिनं डबा बंद केला नाही. नवऱ्याला काय सांगणार होती? मिरचीचा ठेचा तेवढा थांबवला, भाकरी मऊ थापू लागली, कारण म्हातारीचे पुढचे दात नव्हते. डबा लख्ख येत राहिला. ओम जेवलो म्हणत राहिला. पोराच्या खोट्यात आता आईही रोज कालवण घालून देत होती.

उन्हं तापू लागली तशी एका संध्याकाळी कानिफनाथांनी डबा दिला तो जड लागला. निळी दोरी सकाळी तिनं मारलेल्या गाठीतच होती.

"कुनी उचललाच न्हाई वहिनी. सायब परगावी गेलेत का?"

दुसऱ्या दिवशीही डबा तसाच आला. साळूबाईला न्यायला कुणी आलं असेल, असं रेश्मानं मनाशी म्हणून पाहिलं. पण ते तिला खरं वाटेना. सिव्हिलच्या आवारात, नाहीतर कापडबाजारातल्या कुठल्या पायरीवर, ओमचा स्वेटर घालून ती बसल्या जागी कलंडली असेल, हेच डोळ्यांपुढं येत राहिलं. विचारायचं तरी कुणाला? अल्लाबक्षांचा नंबरही तिनं घेतला नव्हता.

ओमचा फोन नेहमीच्या वेळेला आला.

"जेवलास का?" तिनं विचारलं. भरलेला डबा तिच्या मांडीवर होता.

"जेवलो, आई. भाजी मस्त होती."

फोन बंद झाला. डब्यातली भाजी आंबली होती. दोरी न सोडताच वास येत होता.

साळूबाईनं पोराला विचारलं होतं, केव्हा येतोस. कदाचित तेच चुकलं असेल. ओमला विचारलं तर त्याचाही फोन लागायचा बंद होईल, आणि मग 'जेवलो' एवढा एक शब्दही उरणार नाही. हे रेश्माला पुरतं ठाऊक होतं. पण न्यायला कुणी येईल म्हणून साळूबाई फिरत राहिली, तसं पोरगं तरी कुठवर फिरत राहणार?

केव्हा येतोस, का गेलास, कॉलेजाचं काय झालं, यातलं काही विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं. डबा भरलेला परत आलाय एवढं सांगायचं. आणि म्हणायचं, तू असशील तिथं मी न्यायला येते.

त्यानं फोन उचलला नाही तरी नाही. तिनं डबा बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि फोन हातात घेतला.