दिली तरी उघडून बघा

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये अमेरिकन आर्मीच्या जॉर्जियातल्या एका तळावर माझं पोस्टिंग झालं. काम आर्म्स रूममध्ये, म्हणजे जिथे अख्ख्या कंपनीची हत्यारं कुलपात असतात तिथे. मी प्रायव्हेट फर्स्ट क्लास, म्हणजे साधा शिपाई होतो, वय वीस. नागपूरहून अमेरिकेत, पार्सिपनी गावी येऊन सहा वर्षं झाली होती. कॉलेज सोडून आर्मीत गेलो म्हणून बाबा फोनवर माझ्याशी फक्त हवामानावर बोलायचे.

सैनिक म्हटलं की लोकांना गोळीबार दिसतो. मी मात्र तीन वर्षं मुख्यतः रायफली दिल्या आणि रायफली परत घेतल्या. आर्म्स रूमचं दार मधोमध कापलेलं असतं. वरचा भाग उघडा, खालचा बंद. जवान पलीकडे उभा राहतो. हत्यार पुढे करण्याआधी तो बोल्ट मागे ओढून अडकवतो, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीत, बघतो आणि म्हणतो, "क्लिअर." मग मी ते हातात घेतो आणि पुन्हा बघतो. नुसतं बघत नाही, करंगळी आत घालतो, कारण थकलेले डोळे खोटं बोलतात. मग मीही म्हणतो, "क्लिअर." सकाळी शंभर वेळा आणि संध्याकाळी शंभर वेळा, हेच.

माझे वरिष्ठ होते स्टाफ सार्जंट डेल. केंटकीचे. फार बोलायचे नाहीत. एकदा एक कॅप्टन घाईत आला, पिस्तूल काउंटरवर ठेवून वळला.

"आय जस्ट चेक्ड इट, सार्जंट."

"यस सर," डेल म्हणाले. "अँड नाऊ आय विल."

कॅप्टन थांबला. डेलनी पिस्तूल उघडलं, बघितलं, बोट घातलं. कॅप्टनचा अपमान वगैरे झाला नाही. तो गुड मॉर्निंग म्हणून गेला. देणारा बघतो, घेणाराही बघतो. तिथे याला कुणी अविश्वास म्हणत नाही.

हे सगळं सांगतोय त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: संजू, तू आर्मीत होतास, घरात ठेवायला सोपी बंदूक कुठली? त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आपल्या चार घरांमध्ये काय झालं तेही सांगणार आहे, आणि ते गोड करून सांगणार नाही.

शहाऐंशीच्या शेवटी मी सार्जंट होऊन घरी पार्सिपनीला परतलो. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भागात देशी घरांना त्रास सुरू झाला. आधी अंडी, मग तोडलेले मेलबॉक्स, मग फोनवर शिव्या. सप्टेंबरात जोगळेकरांच्या पुढच्या खिडकीतून वीट आत आली. वसंतकाका जोगळेकर मेकॅनिकल इंजिनिअर, महिन्यातला अर्धा वेळ टेक्ससच्या प्लांटवर. दोन्ही मुली दूर कॉलेजला. म्हणजे वीट आली तेव्हा घरात उषाकाकू एकट्या होत्या, स्वयंपाकघरात, फोडणी करत. काचा सोफ्यापर्यंत गेल्या. पोलीस आला आणि म्हणाला, मुलं असतील. त्यानं खिशातून पेनसुद्धा काढलं नाही. दोन दिवसांनी फोन आला: आम्हाला माहीत आहे तुझा नवरा केव्हा नसतो.

तेव्हा मंडळाचे चिटणीस मधूकाका यांनी मला बोलावलं. चौघं काका आणि उषाकाकू, अशी आमची वरात रूट फॉर्टीसिक्सवरच्या बंदुकीच्या दुकानात गेली. काका लोकांनी गाडी घेताना करतात तसा अभ्यास करून ठेवला होता. मधूकाकांना सगळ्यात मोठी हवी होती.

"ट्वेल्व्ह गेज," ते म्हणाले. "घ्यायचीच तर दणदणीत घ्यावी."

वसंतकाकांनी ती खांद्याला लावून बघितली. "बरोबर बसतेय हो मला."

"अहो, चालवायची मी," उषाकाकू म्हणाल्या, "आणि खांदा तुमचा मोजताय?"

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण तोही हसला.

त्या दिवशी मी जे सांगितलं तेच आज सांगतो. हरणांच्या शिकारीची रायफल घरासाठी घेऊ नका. आपल्या घरांच्या भिंती शीटरॉकच्या, म्हणजे पातळ प्लास्टरच्या फळ्यांच्या आहेत, ती गोळी तीन खोल्या पार करून शेजाऱ्याकडे जाते. पिस्तूल नवख्याच्या हातात हलतं. लांब बंदूक दोन हात आणि खांदा अशी तीन ठिकाणी धरली जाते, म्हणून नवख्याला ती सोपी. त्यात ट्वेंटी गेजची पंप शॉटगन घ्या; गेजचा आकडा मोठा तशी नळी लहान. धक्का कमी, वजन कमी, दस्ता आखूड मिळतो. पंप मागे ओढला की पोट उघडतं आणि आत काय आहे ते दिसतं. आणि बंदूक घरातल्या त्या माणसाच्या मापाची घ्या जे एकटं असणार आहे. शॉटगनचे छर्रेही भिंतीतून जातात, हे विसरू नका. ती घेऊन घरभर चोर शोधत फिरायचं नाही. एका खोलीत जायचं, दार लावायचं, पलंगामागे बसायचं, ९११ फिरवायचं. दार कुणी तोडलं तरच बंदूक.

उषाकाकूंनी ट्वेंटी गेज उचलली. "बरीय," त्या म्हणाल्या. तीच घेतली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते मंडळाच्या सवयीमुळे. आपल्याकडे मोठी पातेली मंडळाची, गणपतीचं मखर मंडळाचं, घडीच्या खुर्च्या मंडळाच्या. सगळं मधूकाकांच्या गराजमध्ये, ज्याला लागेल त्यानं न्यावं. बंदुकीचंही तेच ठरलं. चार घरांत मिळून एक. ज्या घरचा पुरुष गावाला जाईल त्या घरी ती जाईल.

"काका, बंदूक म्हणजे पातेलं नाही," मी म्हणालो. "बंदूक घ्यायचं सरकारी कार्ड एकट्या तुमचं आहे. हे कायद्यातही बसत नाही."

"अरे, वर्षातून किती दिवस लागणारेय ती?"

"मग प्रत्येकाने आपापली घ्या. नाहीतर घेऊच नका."

"सार्जंटसाहेब चिडले," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते कुणी बोललं नाही. बंदूक हवी सगळ्यांना होती, पण आपल्या घरात कायमची कुणालाच नको होती. देवघर आहे, मुलंबाळं येतात-जातात. दुसऱ्याच्या घरची म्हणून आठवडाभर ठेवायला हरकत नव्हती.

ठीक आहे, मी म्हटलं, मग नियम माझा. एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत छापून चारही घरांत वाटला. बंदूक रिकामीच द्यायची. देणाऱ्याने उघडून दाखवायची. घेणाऱ्याने पुन्हा उघडायची, बघायचं, बोट घालायचं आणि मोठ्याने "रिकामी" म्हणायचं. काडतुसं वेगळ्या डब्यात. रेंजवर नेऊन सगळ्यांना दोनदा शिकवलं. उषाकाकू त्यात सगळ्यात चांगल्या होत्या. त्यांची करंगळी प्रत्येक वेळी न सांगता चेंबरमध्ये जायची.

शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून बंदूक शैलाकाकूंच्या, म्हणजे मधूकाकांच्या बायकोच्या, तंबोऱ्याच्या गवसणीतून फिरायची. पहिल्या दोन अदलाबदलींना मी हजर होतो. तेव्हा नियम पाळला गेला. तिसऱ्या वेळी मी नव्हतो, आणि मला नंतर कळलं की पाळला गेला नाही.

"आता काय आपण एकमेकांची झडती घ्यायची?" मधूकाका मला म्हणाले. "तीस वर्षांची ओळख आहे आमची."

"आर्मीत कॅप्टनची घेतात," मी म्हणालो.

"ती आर्मी रे. हे घर आहे."

ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी मधूकाका गवसणी घेऊन जोगळेकरांकडे गेले. वसंतकाका सोमवारी टेक्ससला जाणार होते. चहा झाला, चिवडा झाला. गवसणी हॉलमध्ये भिंतीला टेकवलेली होती. मधूकाकांनी घरून निघतानाच बंदूक भरली होती. चेंबरमध्ये एक, खाली बाकीची, चाप अडवणारी सेफ्टी लावलेली. काकूंसमोर बोललो तर त्या घाबरतील, म्हणून निघताना वसंताला दारात हळूच सांगू, असा त्यांचा विचार होता. ते निघायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. मुलीचा फोन. वसंतकाका आत बोलत राहिले, मधूकाका हात हलवून निघून गेले.

पुढचं मला उषाकाकूंनी सांगितलं. फक्त एकदा सांगितलं.

फोन झाल्यावर वसंतकाका म्हणाले, चल, एकदा करून दाखव, मी नसताना चुकायला नको. गवसणी सोडून त्यांनी बंदूक काकूंच्या हातात दिली.

"आधी उघडून बघू या," काकू म्हणाल्या. "संजूनं सांगितलंय."

"मधू आत्ता चहा पिऊन गेला. त्यानं दिलेली तपासायची आपण? रिकामीच देतो तो, ठरलंय ना."

"तरी पण."

"अगं, धर. कोपर खाली घे. असं नाही, थांब."

ते समोरून कोपर धरायला पुढे आले. सेफ्टीचं बटण त्यांनीच दाबलं. "आता ओढ," म्हणाले. काकूंनी चाप ओढला.

मी तीन गल्ल्या पलीकडे राहतो. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज सपाट होता. आर्मीच्या रेडिओवर अशी बोलणारी माणसं मी ऐकलेली आहेत. "संजू, ह्यांना लागलंय. नाइन वन वन केलंय. पत्ता दिलाय. पुढचं दार उघडलंय. तू ये."

मी धावत पोचलो. बंदूक कार्पेटवर होती. तोंड भिंतीकडे, पंप मागे ओढलेला, पोट उघडं, उरलेली काडतुसं काढून बाजूला ठेवलेली. शिकवलेलं सगळं त्यांनी केलं होतं. ओढणी जखमेवर दाबून त्या वसंतकाकांजवळ बसल्या होत्या. मी मानेला दोन बोटं लावली. काही नव्हतं. तरी अँब्युलन्स येईपर्यंत मी छाती दाबत राहिलो, कारण थांबायचं केव्हा हे ठरवणं माझं काम नव्हतं.

मग पोलीस आले. चार गाड्या. विटेला एक माणूस, पेनाशिवाय. याला चार गाड्या, कॅमेरा, पिवळी पट्टी. काकूंना तिथल्याच डायनिंग टेबलाशी बसवून तेच तेच विचारलं, रात्रीपर्यंत. मी हे लिहितोय कारण ते कुठेतरी लिहिलेलं असावं. ज्याने वीट मारली तो आजही आपल्याच भागात फिरतोय, आणि मेला तो वसंत जोगळेकर.

मधूकाका दुसऱ्या दिवशी आमच्या किचनमध्ये बसले होते.

"तिला भरता आली नसती रे ऐन वेळी," ते म्हणाले. "हात कापले असते. म्हणून मी भरून दिली."

भांडं परत करताना आपण रिकामं देत नाही, साखर तरी घालतो. एकटी आहे म्हटलं की तिच्याकडे डबा भरूनच पाठवतो. त्याच मायेनं त्यांनी बंदूक भरली, आणि त्याच भिडेनं वसंतकाकांनी ती उघडली नाही. दोघंही सज्जन. म्हणूनच मला संताप येतो. वाईट माणसाशी वागताना आपण सावध तरी असतो.

केस पुढे उभी राहिली नाही. अपघात म्हणून नोंद झाली. मधूकाकांनी चिटणीसपद सोडलं. माझ्याकडे बंदूक शिकायला आता कुणी येईना.

फेब्रुवारीत उषाकाकूंचा फोन आला. "परत शिकवणारेस का?"

"कुणाला, काकू?"

"आम्हाला. बायकांना. फोन अजून येतात मला. आणि तू नाही म्हणालास तरी बाकीच्या गुपचूप आणणारच आहेत बंदुका."

आमच्या बेसमेंटमध्ये वर्ग भरला. सहा बायका, घडीच्या खुर्च्या, माझी स्वतःची ट्वेंटी गेज. काडतूस घरात एकही नाही, ती मी गाडीत ठेवली होती. शैलाकाकूही आल्या होत्या, कोपऱ्यात बसल्या होत्या. मी बोलायला सुरुवात करणार तोच उषाकाकू उठल्या आणि त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली. उघडली. बघितलं. करंगळी घातली. "रिकामी," म्हणाल्या. आणि ती नेमकी शैलाकाकूंपुढे धरली.

शैलाकाकूंनी ती घेतली आणि तशीच मांडीवर ठेवली.

"उघड," उषाकाकू म्हणाल्या.

"तू आत्ता बघितलीस की. तुझी कशी तपासू मी?"

"तपास. मी म्हणते म्हणून सोडू नकोस."

पंप दोनदा अडकला. उषाकाकू मदतीला वाकल्या नाहीत, उभ्या राहिल्या. शेवटी उघडली. शैलाकाकूंनी आत बघितलं, बोट घातलं, आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं.

"रिकामी," त्या म्हणाल्या.

मग ती पुढच्या बाईकडे गेली. तिनेही उघडली. सहाही जणींनी उघडली. शेवटी ती माझ्याकडे आली आणि मीही उघडली.

आर्मीत माणूस गेला की फर्स्ट सार्जंट हजेरी घेतो. सगळे "हिअर" म्हणतात. गेलेल्याचं नाव तो तीनदा पुकारतो आणि ओ येत नाही. हे मी उषाकाकूंना कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांना मी तोवर नवऱ्याचं नाव घेतानाही ऐकलं नव्हतं. "हे" म्हणायच्या, किंवा "आमचे".

"दर वर्गाला आधी नाव घ्यायचं," त्या बायकांना म्हणाल्या. "मग बंदूक उघडायची." त्या सरळ उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाल्या, "वसंत जोगळेकर."