पोचल्याचा मिस्कॉल

तर काल माझं सांगणं कोंबड्यापाशी राह्यलं होतं. कोंबडा माझा, नोकरी शेजारच्या मोनालीची. ती बियाणं कंपनीचे फोन घेते, घरूनच. वाटूरला आमच्या भिंतीला लागून तिची खोली. कानाला हेडफोन लावून बसते आणि पार भोकरदनचे शेतकरी तिला विचारतात, सोयाबीन उगवंना, काय करू. एकदा फोन चालू असताना माझा कोंबडा आरवला. तिकडून शेतकरी म्हणतो, "ताई, हापिसात कोंबडं पाळलं का?" ही म्हणाली, "साहेबाचं हाय, भाऊ. पेरलं कधी ते सांगा." तवापासून तिची ड्युटी लागली की कोंबडा डालग्याखाली.

तिचा नवरा नागसेन त्याच कंपनीत, जालना एमआयडीसीत मशिनीवर होता. मोटारसायकलीवर सव्वा तास जायचं, सव्वा तास यायचं. आमच्या गल्लीची रीत अशी की कामावर पोचलं की घरी मिस्कॉल द्यायचा. सकाळी आठला एकेका घरात फोन वाजून बंद पडतो आणि बाया निवांत होतात. नागसेनला गेटावर हजेरीची घाई, म्हणून तो वाटेत चहाला थांबला की तिथूनच मिस्कॉल देऊन टाकायचा. मला ठाऊक होतं. "पोचायच्या आधीच पोचतो रे तू," म्हणून मी हसायचो.

मागल्या हिवाळ्यात असाच मिस्कॉल आला. मोनालीनं पायलची, तिच्या लेकीची, वेणी घातली. सासूला, कौसल्याबाईला, भाकर वाढली. तिकडं तो धुक्यात उभ्या ट्रॉलीला धडकून रस्त्याकडेच्या चरात दोन तास पडून होता. कंपनीला वाटलं आज आला न्हाई. घराला वाटलं पोचला. शोधायला कोणी निघालंच न्हाई. तासभर आधी आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. चहावरच्या मिस्कॉलचं मी मोनालीला पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं. ती पायलचा डबा घासत बसली.

मंग कंपनीनं तिला हे फोनचं काम दिलं. आता पायल शाळेतून आली की आई समोर असते. कौसल्याबाईच्या डोळ्यात औषध वेळेवर पडतं. दुपारी मीबी वाटी घेऊन जातो, गरम कालवण मिळतं. मला तर बुवा फार बरं वाटतं.

परवा तिच्या साहेबाचा फोन आला. एक तारखेपासून एमआयडीसीत या, न्हाई तर काम सोडा. घरात कमावणारी ती एकटीच. फोन स्पीकरवर होता, मी वाटी घेऊन तिथंच बसलेलो. कौसल्याबाईचा हात परातीतच थांबला.

"इतकं काय घाबरता, मॅडम," साहेब समजावणीनं बोलत होता, "सगळेच लांबून येतात. पोचलं की घरी एक मिस्कॉल टाकायचा. घरच्यांची काळजी मिटते."

मोनालीनं एकदा माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली.

"साहेब," ती म्हणाली, "मिस्कॉल त्यांनीबी दिल्ता. मी हितं कामावर बराबर पोचलेली हाय, पुढच्या शेतकऱ्याचा फोन जोडून द्या."