चौकीत जायला झालेला उशीर
कॉटन ग्रीन स्टेशनच्या भिंतीवर ‘हरवले आहेत’ असा नवा कागद दिसला की मला वडील हरवले तो दिवस आठवतो. त्यांना विसरण्याचा आजार होता. सकाळी दूध आणतो म्हणून चाळीतून उतरले ते परतलेच नाहीत. मी पोलीस चौकीत जायला निघालो, तर आईने दार अडवलं. “पोलिसांत नको रे. गिरणीच्या संपात ह्यांना किती मारलेलं त्यांनी.” मग लालबागपासून रे रोडपर्यंत, लाकडाच्या वखारींतून, गोदामांमागून आम्ही दोघं भर उन्हात त्यांना शोधत फिरलो. संध्याकाळी पाय उचलेनात तेव्हा आईच म्हणाली, “चल, चौकीत जाऊ.” तिथल्या हवालदार बाईंनी फोटो पाहिला. “हे बाबा सकाळपासून इथंच बसले होते. नाव, पत्ता काहीच सांगता येईना. चहा पाजला, जेवण दिलं. चारला छातीत दुखायला लागलं म्हणून हॉस्पिटलात नेलं.” मग हळूच विचारलं, “तुम्ही आधी का नाही आलात?” आई म्हणाली, “भीती वाटली, बाई.” आम्ही हॉस्पिटलात पोहोचण्याआधीच वडील गेले होते. आता आईही नाही. त्या दिवसाबद्दल मी तिला कधी बोल लावला नाही, कारण तिने अडवलं तेव्हा चौकीत जावं लागणार नाही म्हणून मलाही सुटल्यासारखंच वाटलं होतं.