पेटीत पडलेला अर्ज

डिग्री पूर्ण केली असती तर एक कागद मिळाला असता. दुसऱ्या वर्षी सोडली, म्हणून किस्से मिळाले! आणि एक सांगायला घेतला की मागचे चार धक्काबुक्की करत पुढे येतात.

विषय ‘मानवी संवाद’. माणसांनी माणसांशी कसं बोलावं, हे अंधेरीच्या एका कॉलेजात तीन वर्षं शिकवतात. मी चार महिन्यांपूर्वी सोडलं. आता सकाळी मुलुंडहून डबा घेऊन निघतो तो थेट साकीनाक्याला, लेबलं छापायच्या एका वर्कशॉपमध्ये. घरात साकीनाक्याचं नावही काढलेलं नाही. बाबांना सांगायचंय. दोन वर्षं संवाद शिकलोय ना, जमतच नाही!

* * *

पहिल्या दिवशी विभागप्रमुख नाडकर्णी सर तासभर एकटेच बोलले. काय, तर संवाद दोन्ही बाजूंनी हवा! शेजारच्या श्वेताने हात वर केला.

“प्रश्न चिठ्ठीवर लिहून ऑफिसबाहेरच्या पेटीत टाका.”

दोन वर्षांत एकाही चिठ्ठीला उत्तर नाही. शेवटी मी शिपाई गावडेकाकांना विचारलं, “काका, पेटी उघडतात कधी?”

“किल्ली कधीच हरवली रे.”

“मग सरांना सांगा ना!”

“कसं सांगणार? सर म्हणतात, काही सांगायचं असेल तर पेटीत टाका!”

* * *

नाडकर्णी सर आणि परब मॅडम यांचा सहा वर्षं अबोला. कारण, स्टाफरूममधलं कपाट कोणाच्या टेबलामागे ठेवायचं. टेबलं एकमेकांना चिकटलेली, पण निरोप गावडेकाकांमार्फत.

सर गरजले, “सांगा त्यांना, सिलॅबस वेळेत संपवायची अक्कल नसेल तर राजीनामा द्या!”

काका दोन पावलं चालले. “मॅडम, सर विचारतायत, चहा घेणार का?”

मॅडम म्हणाल्या, “सांगा, त्यांच्या हातचं विषही घेणार नाही!”

काका दोन पावलं मागे. “सर, मॅडम म्हणतात, साखर कमी.”

सगळ्या डिपार्टमेंटमध्ये हा विषय येणारा एकच माणूस. सातवी नापास!

* * *

मग परब मॅडमचं ‘ऐकण्याचं प्रॅक्टिकल’. घरातल्या मोठ्या माणसासमोर अर्धा तास बसायचं, मध्ये बोलायचं नाही, ऐकलेलं जर्नलमध्ये उतरवायचं.

वर्गाने सीनियरचं जर्नल छापलं. एकोणचाळीस मुलांचे एकच आजोबा! सगळ्यांचे खारदांड्याचे कोळी, सगळ्यांची होडी उलटली, सगळे लाकडी फळीला धरून वाचले. त्यात दोन गुजराती होते, एक केरळी. मॅडमनी सगळ्यांना ‘हृदयस्पर्शी’ असा शेरा दिला.

मी एकटाच गाढव. खरोखर बाबांसमोर बसलो. लिहिलं, ‘बाबा काही बोलले नाहीत. टीव्हीवर मॅच होती.’

शून्य!

“यात संवाद कुठे आहे?” मॅडम.

“नाहीच आहे, मॅडम. तेच ऐकलं मी.”

“उद्धट आहेस! आजोबा नाहीत का तुला?”

“आहेत की. एकोणचाळीस जणांचे आहेत तेच घेऊ का?”

त्याच दिवशी डोकं फिरलं. कॉलेज सोडत असल्याचा अर्ज लिहिला आणि सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी मान वर न करता सांगितलं, “पेटीत टाक.”

टाकला!

* * *

म्हणजे कॉलेजच्या लेखी मी अजून शिकतोय. वर्गातली पोरंही दिलदार, माझ्या नंबरला कोणी ना कोणी ‘येस सर’ ओरडतंच. गेल्या रविवारी सकाळी बाबांच्या मोबाइलवर कॉलेजचा मेसेज आला, ‘आपल्या पाल्याची हजेरी ब्याण्णव टक्के. अभिनंदन!’

मी रोज जात होतो तेव्हा पंचावन्नच्या वर गेली नव्हती!

बाबांनी मेसेज वाचला. माझ्याकडे बघितलं. परत वाचला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“बाबा, एक सांगायचंय.”

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मॅच चालू असताना! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी बाबांकडे बघतोय, बाबा माझ्याकडे. अर्धा तास. मध्ये कोणी बोललं नाही.

शेवटी बाबांनी स्वयंपाकघराकडे बघून आईला हाक मारली.

“गो, ऐकलंस? उद्यापासून ह्याच्या डब्यात दोन चपात्ये जास्ती घाल. साकीनाक्याक भूक लागता.”

आणि टीव्हीचा आवाज चालू केला.