रेंज असेल तिथेच मुक्काम

माझ्यासारख्याने आठवणी लिहायला बसावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही मी लिहिल्या त्या प्रॅक्टिकलच्या वह्या आणि फार तर सुट्टीचे अर्ज. तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. सांगायचं आहे तेही फार मोठं नाही. चार दिवसांच्या एका सहलीसाठी मुक्कामाच्या जागा आधी बुक करायच्या की नाही, यावर आमच्या घरात एक अख्खा हिवाळा वाद चालला होता, एवढंच.

बाबा दुबईत बांधकामावर फोरमन होते. चिपळूणहून सेंटरिंगच्या कामाला आले आणि वर चढत गेले. दुबई मरीनातला एक टॉवर त्यांच्या हाताखाली उभा राहत होता. २००८ च्या शेवटी तो अर्ध्यावर थांबला. इंजिनिअर साहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, सध्या बिनपगारी रजेवर जा, काम सुरू झालं की मी स्वतः तुला फोन करीन. बाबांचा व्हिसा मार्चअखेर संपणार होता. त्याआधी फोन आला तर तो वाढणार होता. नाही आला तर आम्हा सगळ्यांनाच देश सोडावा लागणार होता, कारण आईचा, माझा आणि धाकट्या बहिणीचा व्हिसा बाबांच्याच व्हिशावर होता. त्या दिवसापासून बाबांचा मोबाईल त्यांच्या शर्टाच्या खिशातून फक्त चार्जिंगला बाहेर पडायचा. आंघोळीला जाताना तो आईच्या हातात.

सहलीची कल्पना चाचांची. चाचा बाबांचे रत्नागिरीकडचे दोस्त, शारजात त्यांचं गॅरेज. त्यांनी एक जुनी कॅरव्हॅन दुरुस्त करून ठेवली होती. आत उघडले की पलंग होणारे दोन बाक, एक शेगडी आणि ताटलीएवढं बेसिन. पिकअपच्या मागे जोडायची आणि निघायचं. कधीतरी हिच्यातून डोंगरात जाऊ, असं ते दोघं कित्येक वर्षं म्हणत होते. इतकी वर्षं बाबांना रजा नव्हती. आता रजेशिवाय काही नव्हतं.

"घेऊन जा," चाचा म्हणाले. "उभ्या उभ्या टायर खराब होतायत. माझ्या गाडीवर उपकार कर."

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला वाटायचं, शिकलेल्या माणसाने सगळं आधी ठरवून करावं. मी तीन जागा शोधल्या. फुजैराकडे समुद्रकाठी एक, हत्ताच्या डोंगरात एका शेतावर एक, आणि परतताना रास अल खैमात एक. तिन्ही ठिकाणी कॅरव्हॅनला वीजपाणी मिळत होतं. पण थंडीत शुक्रवार-शनिवारी जागा भरतात, म्हणून तारीख सांगून बुक करायला हवं, असं तिथले लोक म्हणत होते.

"वाळवंटाला कसलं बुकिंग?" चाचा हसले. "काय रे कॉलेजवाले, समुद्रावर टेबल लावून घेणार की काय? दिसली जागा, लावली गाडी, खलास."

"आणि बाथरूम?" आई म्हणाली. "भावजी, तुम्हा पुरुषांचं खलास होतं हो."

माझी बहीण तेव्हा दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत जायची. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "आय ॲम विथ आई."

म्हणजे आम्ही तिघं बुकिंगच्या बाजूने होतो. बाबा कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. "बघू," म्हणाले.

हे "बघू" संपेना. मी तारखा पुढे ढकलत राहिलो आणि दर वेळी विचारत राहिलो. शेवटी एकदा चिडून म्हणालो, "बाबा, नुसतं बघू म्हणून जागा कशी मिळेल?"

"तारीख दिली की त्या तारखेला जावं लागेल."

"मग जाऊ की."

"आणि आदल्या दिवशी फोन आला तर? साहेबाला काय सांगू, पोरांना फिरवायला नेतोय?" मग त्यांनीच विचारलं, "तिथे रेंज असते का, ते विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी फोन लावून विचारलं. फुजैराला रेंज होती. रास अल खैमाला गाडी रस्त्याच्या बाजूला लावली तर होती. हत्ताच्या शेतावरचा राखणदार हसायलाच लागला. "भाईसाब, लोग इधर मोबाईल से भागके आता है. आप मोबाईल लेके आएगा?"

बाबांनी हत्ता काढून टाकायला सांगितलं. मला वाईट वाटलं, कारण डोंगर तिथेच होते. पण मी काढून टाकलं. नंतर फुजैराही बुक झालं नाही, कारण तारीख कुणी सांगितलीच नाही. जानेवारी गेला. चाचा येऊन चहा पिऊन जायचे. मी सहलीचा विषय काढला की ते माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "इन्शाल्ला." थट्टा करणं त्यांनी कधी सोडलं, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

फेब्रुवारीतला एक शुक्रवार होता. दुपारी आम्ही जेवत होतो. आई कढी वाढत होती. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "कर बुकिंग. पुढच्या आठवड्याचं."

मला खूप आनंद झाला, हे मी खरं सांगतो. म्हटलं, "फुजैरा आणि रास अल खैमा ना?"

"तिन्ही कर."

"पण हत्ताला रेंज नाही."

"माहीत आहे."

आईचा डाव वाटीवर तसाच राहिला. तिने बाबांकडे पाहिलं, मग कढीचं भांडं घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बहिणीने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" तेव्हा कुठे मला कळलं की बाबांनी आत्ता काय सांगितलं होतं. दोन महिने मी ज्या होकारासाठी भांडत होतो, तो यायला नको होता.

जागा तिन्ही मिळाल्या. त्या वर्षी लोकच नव्हते. राखणदार म्हणाला, बुकिंग केलं नसतं तरी चाललं असतं.

सहल चांगली झाली. हत्ताच्या शेतावर बाबांनी मोबाईल शेगडीखालच्या कपाटात ठेवला आणि आईला चहा करून दिला. मला कॅरव्हॅन मागे घ्यायला शिकवलं. स्टीअरिंग उलट्या बाजूला फिरवायचं असतं, ते मला जमेना, आणि बाबा हसले. तिथून निघाल्यावर रस्ता चढाला लागला, माझ्या मोबाईलला रेंज आली. बाबांनी गाडी कडेला घेतली. मागे कॅरव्हॅनमध्ये जाऊन त्यांनी मोबाईल आणला, येता येता त्यात मेसेज वाजला, आणि त्यांनी तो न बघताच माझ्या हातात दिला.

"बघ."

मी पाहिलं. मोबाईल कंपनीची जाहिरात होती.

"काही नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

मार्चअखेर आई, बाबा आणि बहीण चिपळूणला गेले. मला कॉलेजने विद्यार्थ्याचा व्हिसा दिला म्हणून मी राहिलो. बाबांचीच इच्छा होती ती. "तू तरी पुरं कर," म्हणाले. एअरपोर्टवर त्यांनी खिशातून तो मोबाईल काढून माझ्या खिशात घातला. "साहेबाकडे हाच नंबर आहे. चार्ज करून ठेव. वाजला तर लगेच उचल, आणि सांग, मी येतो म्हणून."

मी दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात एका खोलीत तिघांबरोबर राहायला लागलो. दोन मोबाईल घेऊन वर्गात जायचो. मुलं हसायची, "हबीबी, बिझनेसमन." बाबांच्या नंबरचं रिचार्ज मी कधी चुकू दिलं नाही. गावी बाबा एका ठेकेदाराकडे मिस्त्रीकाम बघत होते. दर शुक्रवारी मी फोन केला की अभ्यासाचं विचारून झाल्यावर ते विचारायचे, "त्या फोनवर काही?" मी म्हणायचो, अजून नाही. ते म्हणायचे, मंदी आहे, वेळ लागेल, साहेब शब्दाचा माणूस आहे.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या दुपारी मी बसस्टॉपवर उभा होतो आणि बाबांचा मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता. मी उचलला आणि आधी हेच म्हणालो, "मैं उनका बेटा बोल रहा हूँ. वो आ जाएंगे."

पलीकडे साहेब नव्हते. बाबांच्या साइटवरचा स्टोअरकीपर होता, केरळचा. त्यालाही तेव्हाच रजेवर पाठवलं होतं, त्यालाही तोच शब्द दिला होता. तो आता दुसऱ्या कंपनीत लागला होता आणि तिथे त्याला साहेबांच्या ऑफिसातला एक जुना माणूस भेटला होता. बाबांना सांगायला हवं, म्हणून त्याने हा नंबर शोधून लावला होता.

"पापा को बोलना, वेट नहीं करने का," तो म्हणाला. "जिस हफ्ते साब ने हमको छुट्टी बोला ना, उसी हफ्ते वो खुद फॅमिली लेके मुलुक चला गया. उसका भी नौकरी गया था. फोन करनेवाला इधर कोई था ही नहीं."